काळी चंद्रकळा, पांढरा हलवा आणि उडालेला चेहरा

संक्रांतीचं हळदीकुंकू आणि बोरन्हाणं झाली की हा प्रश्न हमखास येतो: "फ्लॅश मारला की नव्या सुनेचा चेहरा पांढराफटक का होतो? हलव्याचे दागिने तर नुसते पांढरे ठिपके दिसतात. कॅमेरा बिघडलाय का?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

कॅमेरा ठीक आहे. ऑटो फ्लॅश, म्हणजे टीटीएल, आधी एक बारीक चमक टाकतो आणि ती किती परत आली यावरून खऱ्या फ्लॅशची ताकद ठरवतो. समोर काळी चंद्रकळा, मागे अंधारी खोली. दोन्ही उजेड पिऊन टाकतात. उजेड कमी पडतोय असं समजून कॅमेरा फ्लॅश वाढवतो. चंद्रकळा राखाडी दिसली की ओळखा, फ्लॅश जास्त झालाय.

पुष्कळजण इथे शटरचा वेग वाढवतात. त्याने चेहऱ्यात काही फरक पडत नाही. फ्लॅशची चमक शटरच्या वेळेपेक्षा फारच थोडी टिकते, म्हणून १/६० चं १/२०० केलं तर फक्त खोली आणखी काळी होते. कमी करायचं ते फ्लॅश कॉम्पेन्सेशन, विजेच्या खुणेशेजारी अधिक-उणे असतं ते. काळ्या साडीला उणे १ पासून सुरुवात करा, म्हणजे एक स्टॉप कमी, फ्लॅशचा उजेड निम्मा. हलवा तरीही सपाट दिसला तर उणे १.३. पुढचा फोटो पांढऱ्या सदऱ्यातल्या आजोबांचा असेल तर ते आठवणीने शून्यावर आणा, नाहीतर आजोबा काळवंडतील. चेहऱ्यावर नेम धरून फ्लॅशचं मोजमाप लॉक करायची सोयही असते: कॅननमध्ये एफई लॉक, निकॉनमध्ये एफव्ही लॉक.

खोलीतला उजेडही फोटोत येऊ द्या. मॅन्युअल मोड, शटर १/८०, एफ ४ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता). एवढ्याने मागची भिंत आणि समई दिसायला लागते.

उणे २ करूनही चेहरा उडतोय? मग फ्लॅश त्याच्या किमान ताकदीवर पोचलाय. गाइड नंबर म्हणजे आयएसओ १०० ला फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला एफच्या आकड्याने भागलं की उजेड किती मीटरवर पुरतो ते कळतं. गाइड नंबर ४० चा फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१२८ वर आणला तरी त्याचा गाइड नंबर ३.५ उरतो. आयएसओ १६०० ला तो चौपट, म्हणजे १४ होतो. त्याला एफ २.८ ने भागलं की ५ मीटर, म्हणजे एवढासा फ्लॅशही ५ मीटरवर पुरतो. बोरन्हाणाचं बाळ तुमच्यापासून १ मीटरवर! अशा वेळी आयएसओ २०० वर आणा आणि एफ ५.६ ठेवा.

अंतराचा हिशेब तर कायम लक्षात असू द्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. पुढची बाई १ मीटरवर आणि मागची २ मीटरवर असेल तर दोघींत २ स्टॉपचा फरक पडतो, आणि कुठलंही सेटिंग तो मिटवू शकत नाही. मागे सरका, झूम करा: ३ आणि ४ मीटरमध्ये फरक एका स्टॉपहूनही कमी राहतो. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅशचं तोंड वर वळवा. माझ्या मते घरातल्या फोटोंसाठी याहून चांगला उपाय नाही. छत रंगीत असेल तर मात्र तोच रंग गालांवर उतरतो. कपाळावरचा घाम आधी टिपून घ्या, ती चकाकी फ्लॅश कमी करूनही पूर्ण जात नाही.

स्क्रीनवर हायलाइटची सूचना (उडालेले भाग दाखवणारी) चालू ठेवा, आणि रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) असेल तर लाल आलेख बघा. आपल्या त्वचेत लाल सर्वांत आधी भरतो, म्हणजे कमाल मर्यादेला पोचतो. तो उजव्या कडेला आदळला की गाल पिवळट होतात, मग पांढरे.

काढून झालेला फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर साधारण एक स्टॉप परत मिळतो. एक्स्पोजर उणे ०.७, हायलाइट्स उणे ६० करून बघा. जेपेग असेल तर गिंपमध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) लेयरची प्रत काढा, मोड मल्टिप्लाय, ओपॅसिटी ३० ते ४० टक्के, आणि मास्क लावून परिणाम चेहऱ्यापुरता ठेवा. जिथे तिन्ही रंग भरलेत तिथे याने काहीच फरक पडत नाही, पांढरा डाग तसाच राहतो. त्यावर नव्या लेयरमध्ये शेजारच्या गालाचा रंग उचलून मऊ ब्रशने १० टक्के ओपॅसिटीने हळूहळू भरा. गाल असा सावरता येतो. हलव्याचा काटा एकदा उडाला की परत आणता येत नाही, म्हणून पहिला फोटो काढल्याबरोबर झूम करून दागिनेच तपासा.