शेवटचा चरण

भजन स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलं की समोर एक तक्ता येतो. सूर, ताल, शब्दोच्चार, पाठांतर, पखवाजाची साथ, अभंगाची निवड. मंडळाला वीस मिनिटं, त्यात एक अभंग, एक गवळण आणि गजर. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माघ महिन्यात अशा स्पर्धा जोरात असतात. भाताची मळणी उरकलेली असते, माणसांच्या हाताला जरा उसंत असते आणि देवळापुढं मांडव घालायला कोरडी जागा मिळते.

मी गाणी लिहिते, चाली लावते आणि गाते. बेळगावात राहून एवढ्यावर घर चालवायचं तर काम निवडून चालत नाही. गणपतीत मंडळांची गाणी, मग लग्नसराई, सौंदत्तीच्या यात्रेआधी यल्लम्मेची गाणी, वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी पोवाड्याचे तुकडे. कुणाच्या नव्या दुकानाची जाहिरात लिहायची, कुणाच्या आईच्या पंचाहत्तरीचं गाणं करायचं. पावसाळ्याचे चार महिने पेटीच्या शिकवण्या. परीक्षकाला शाल, नारळ आणि एक पाकीट मिळतं. पाकीट लहानच असतं, पण बोलावणं आलं की मी जाते. आज गावोगाव नेमकं काय गायलं जातंय ते तिथंच कळतं.

त्या दिवशी रवळनाथाच्या देवळासमोर मांडव होता. शेजारी दुसरे परीक्षक बसले होते, मुरलेले पखवाजवादक. दुपार कलल्यावर डोंगराकडच्या एका गावाचं मंडळ बसलं. पांढरे सदरे, टोप्या, पेटीवर तिशीतला एक मुलगा. त्यांचे बुवा आदल्या वर्षी वारले होते. बुवांची तसबीर त्यांनी पेटीशेजारी ठेवली, हार घातला आणि अभंग उचलला.

भाताच्या वाफ्यात । गुडघ्याला पाणी ।
कोण गातो गाणी । माझ्यासंगं ॥

माझी पेन्सिल थांबली. हे शब्द माझे होते.

रोप लावताना । वाकली ही पाठ ।
उभा राहे ताठ । विटेवरी ॥

रोप लावणी हे बायकांचं काम. माझी आई आणि आत्या पाठीवर इरलं घेऊन दिवसदिवस चिखलात वाकायच्या, मीही त्यांच्या ओळीत असायची. दुसरा चरण त्या पाठदुखीतून आला होता. टोप्या घातलेले बाप्ये तो गात होते आणि फार चांगला गात होते. कॅसेटवर त्याची चाल सिनेमातल्यासारखी होती. इथं ती भीमपलासाच्या अंगानं गेली होती, 'विटेवरी'वर सगळे टाळ एकदम थांबत होते आणि पखवाज एकटा पुढं जात होता. माझ्या शब्दांना इतकी नेमकी चाल मलाही लावता आली नव्हती.

आणि मग शेवटचा चरण आला.

दास रवळूचा । म्हणे विठूराया ।
चिखलाची काया । सोनं केली ॥

हा चरण माझा नव्हता.

थोडं मागं जाऊन सांगते. कॅसेटचे दिवस होते तेव्हाची ही गोष्ट. एका कंपनीनं माझे आठ अभंग घेतले. एकरकमी पैसे, एका कागदावर सही. गायक दुसरा, संगीतकार दुसरा. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला चार गाणी, मध्ये वाद्यांचे तुकडे. वेळ पुरेना म्हणून माझ्या या अभंगाचे शेवटचे दोन चरण काढले. कव्हरवर गायकाचं नाव मोठं, संगीतकाराचं लहान, माझं कुठंच नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, भक्तिगीत आहे, लोक पारंपरिक म्हणूनच घेतात, नाव कशाला. ती कॅसेट बरीच खपली असं विक्रेते सांगायचे.

काढलेले चरण हे:

खळ्यावर रास । वाटणीला आला ।
मापारी तो काळा । पंढरीचा ॥

वाटसरू म्हणे । मोजून घे देवा ।
उरेल तो ठेवा । पेरणीला ॥

वाटसरू ही माझी मुद्रिका, म्हणजे शेवटच्या चरणात कवी आपल्या नावाची जी खूण ठेवतो ती. चौथा चरण गेला आणि त्याबरोबर मीही गाण्यातून गेले.

मंडळाचा गजर संपला. टाळ्या थांबायच्या आत दुसऱ्या एका मंडळाचे पुढारी उभे राहिले. स्पर्धेच्या पत्रकात स्पष्ट लिहिलंय, अभंग संतांचाच हवा. हा कुणाचा? पेटीवरचा मुलगा तडक म्हणाला, "आमच्या बुवांचा. आमाला बुवा संतच हाईत." मांडवात कुजबुज झाली. आयोजक आमच्याकडं बघायला लागले आणि शेजारचे परीक्षक माझ्याकडं. "बाई, तुम्ही लिहिणाऱ्या. तुम्ही सांगा."

गप्प बसले असते तर तक्त्यात गुण भरून मोकळी झाले असते. बोलले तर त्या मुलाच्या गुरूचं नाव भर मांडवात खाली येणार आणि मंडळाचा नंबरही जाणार. पण परीक्षकाच्या खुर्चीवर बसून खोटं चालू द्यायचं, हे मला जमलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांनी आपले शब्द कानावर पडल्यावर ते आपले आहेत असं म्हणायची ओढही होती. त्यात गैर काही आहे असं मला वाटत नाही. सुतार आपल्या हातची चौकट ओळखतो आणि सांगतो, तितकंच ते होतं.

मी माईक घेतला. पहिले दोन चरण माझे आहेत, शेवटचा माझा नाही, आणि मी काही संत नाही, एवढं बोलले. या मंडळाला मी गुण देणार नाही, दुसऱ्या परीक्षकांनी एकट्यांनी द्यावेत आणि तेच धरावेत, अशी आयोजकांना विनंती केली. त्यांनी मानली. पखवाजवाल्या परीक्षकांनी निवडीच्या रकान्यातले गुण कापले, बाकी रकाने भरभरून दिले. मंडळ तिसरं आलं. निवडीचे गुण असते तर पहिलं आलं असतं.

निकालानंतर देवळामागच्या खोलीत चहा होता. तो मुलगा, बुवांचा धाकटा लेक, तावातावानं आला. मागं चार-पाच टाळकरी आणि एक म्हातारे गृहस्थ. "तुमचं हाय कशावरून ओ? बुवांच्या वहीत लिवलेलंय." माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. कॅसेटवर नाव नाही, कराराच्या कागदाची प्रत मला कधी मिळालीच नाही. म्हणून मी तिथंच पेटीच्या पांढरी चारच्या सुरावर, त्यांच्याच चालीत, ते दोन चरण म्हटले. मापारी आला, वाटणी झाली, उरलेलं पेरणीला ठेवलं.

पहिल्यांदा मंडळाचा पखवाजी बोलला. "हे बसतंय ओ. आपल्यात लावणीनंतर एकदम सोनंच होतंय, मधलं खळंच नाही." ज्याचं आयुष्य शेतात गेलं त्यालाच ही फट दिसणार. लावणी आहे आणि मळणी नाही, हे त्या मंडळाला इतकी वर्षं कुठंतरी खुपत असणार.

मग मुलानं जे सांगितलं ते माझ्यासाठी नवं होतं. बुवांनी ते गाणं कॅसेटवर ऐकलं, आवडलं, उतरवून घेतलं. पण त्याला मुद्रिका नव्हती, आणि मुद्रिकेशिवाय अभंग भजनात पुरा होत नाही. 'नामा म्हणे' आलं, 'एका जनार्दनी' आलं, की टाळकऱ्यांना कळतं, आता उठवणी, लय वाढवायची. ज्ञानदेवांचा 'बापरखुमादेवीवरु' आला की हात आपोआप पखवाजाकडं जातो. शेवट नसलेलं गाणं घेऊन मंडळ काय करणार? बुवांनी वाट पाहिली, कुणी पुरं करून देईना, तेव्हा स्वतः केलं. वहीत त्या पानावर वर लिहिलं होतं, 'कॅसेटवरून'. मुलानं ते वाचलं होतं, पण फक्त चाल कॅसेटवरून घेतली असा त्याचा अर्थ लावला होता.

म्हणजे बुवांनी चोरलं नव्हतं. कंपनीनं कापून टाकलेली जागा एका भजनी माणसानं भरून काढली होती, आणि भरताना आपली खूण ठेवली, जशी ठेवायची असते तशी. खूण ठेवायची तऱ्हाही या मातीतली. कन्नड वचनांत शेवटी देवाचं नाव येतं, बसवेश्वरांचं 'कूडलसंगमदेव', अक्कमहादेवींचं 'चन्नमल्लिकार्जुन'. पुरंदरदासांच्या पदांत 'पुरंदर विठ्ठल'. आपल्याकडं तुकोबा, नामदेव स्वतःचं नाव घालतात. आमच्या भागातल्या भजनात दोन्ही कानावर असतात. बुवांनी गावदेवाचं नाव घातलं आणि त्याच्या आडून स्वतःचं. 'चिखलाची काया सोनं केली' ही ओळ मला सुचली असती तर मी ती ठेवली असती.

मुलाचा राग निवला नव्हता, पण तो बसला. मी त्याला सांगितलं, देवळात, सप्ताहात, वारीत हे गाणं म्हणायला माझी परवानगी कुणी कधीच मागू नये. कायदाही धार्मिक विधीत गायला आडकाठी करत नाही. प्रश्न येतो रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकताना, आणि त्यांनी ते टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, 'पारंपरिक'. तिथं पैसे फिरतात. 'पारंपरिक' लिहिलं की ते ना माझ्याकडं येतात, ना बुवांच्या घरी जातात.

"बुवांच्या घरी कसे?" त्यानं विचारलं. चाल बुवांची, एक चरण बुवांचा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. कवी किंवा संगीतकार गेल्यावर पुढं ६० वर्षं त्याच्या वारसांचा हक्क राहतो. त्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी हे काम आपलं आहे असं म्हणायचा अधिकार लेखकाकडंच राहतो. माझ्या सहीच्या कागदानं पैशाचा हक्क गेला असेल, नावाचा गेला नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीनं तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कुणाला लिहून देता येणार नाही असं केलं, तो द्यायचा तर वारसाला किंवा रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या हक्कसंस्थेला. मी तरुण असताना हे असतं तर त्या कागदावर मी वेगळ्या धीरानं सही केली असती. आज आमच्या भागातली पोरं मोबाइलवर गाणी करतात, लाखभर लोक ऐकतात, आणि संस्थेचं सभासद होणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगत नाही. आयपीआरएस ही अशी हक्कसंस्था १९६९ पासून आहे. गाणं नोंदवताना कोणाचा वाटा किती ते तिथं लिहायचं असतं.

आम्ही चहाच्या कपांमध्ये कागद ठेवून लिहून काढलं. चार चरण माझे, पाचवा बुवांचा, चाल बुवांची. पाच चरण म्हणायचे, आधी 'वाटसरू म्हणे', मग 'दास रवळूचा'. दोन मुद्रिका असलेला अभंग मी तरी ऐकलेला नाही. पण गाणं दोघांच्या हातून गेलंय, मग दोघांची नावं का नकोत? मुलानं सही केली, मी केली, पखवाजी साक्षीदार. कंपनीच्या जुन्या कागदाचा प्रश्न उरतोच, त्यासाठी बेळगावातल्या एका वकिलांना गाठलंय, आणि तो सुटेपर्यंत नवं रेकॉर्डिंग करायचं नाही असं ठरलंय. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओखालचं 'पारंपरिक' मात्र त्याच रात्री निघालं, तिथं आता दोघांची नावं आहेत.

ते म्हातारे गृहस्थ सगळा वेळ दाराशी उभे होते. त्यांना हे मान्य झालं नाही. बुवांनी शिकवलं तसंच मी म्हणणार, मधे काही घालणार नाही, असं ठणकावून सांगून ते गेले, आणि अजून तसंच म्हणतात. मी त्यांची समजूत काढायला गेले नाही. ज्यांच्याजवळ बसून चाळीस वर्षं टाळ वाजवला त्यांचा शब्द त्यांनी धरून ठेवलाय. त्यांच्या जागी मीही तो सोडला नसता.

पुढच्या महिन्यात मुलगा वही घेऊन घरी आला. जाड, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्यात बुवांचे स्वतःचे कितीतरी अभंग आहेत, गवळणी आहेत, दोन भारुडं आहेत. मध्येमध्ये उतरवून घेतलेलीही आहेत, काहींवर 'कॅसेटवरून', काहींवर 'रेडिओ', काहींवर काहीच नाही. कुणाचं काय हे वेगळं काढल्याशिवाय एकही नोंदवायचं नाही असं मी त्याला बजावलंय, नाहीतर माझ्यासारखी दुसरी कुणीतरी कुठल्यातरी मांडवात पेन्सिल धरून बसलेली असायची. रविवारी तो खानापूरहून येतो, कधी पखवाजी बरोबर असतो. एकेक गाणं तो म्हणून दाखवतो, बुवांनी ते पहिल्यांदा कधी म्हटलं, कुणासमोर, कुठल्या जत्रेत, हे आठवेल तसं सांगतो आणि मी लिहून घेते. चाली मोबाइलवर रेकॉर्ड करतो. त्याची आईही एकदा आली होती, तिला तीन अभंगांचे वहीत नसलेले चरण पाठ निघाले. अभंग निम्मे झालेत, गवळणींपाशी अजून पोचायचंय.