आमची वाटचाल : चालू यंत्र फोडायचं नाही

मोडीत निघालेल्या यंत्रांमधल्या, आकडे दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या आम्ही काढतो, तपासतो आणि ज्यांना हव्या आहेत त्यांना देतो. निक्सी (निऑनच्या उजेडात तारेचे आकडे पेटवणारी नळी), डेकाट्रॉन (फिरत्या ठिपक्याने मोजणारी नळी), व्हीएफडी (व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले) आणि आकड्यांऐवजी रेडिओचं स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा मॅजिक आय, असं सगळं आमच्याकडे असतं. आज आमची ओळख या नळ्यांमुळे असली, तरी सुरुवात दुरुस्तीपासून झाली.

जुने फ्रीक्वेन्सी काउंटर (विद्युत लहरींची वारंवारता मोजणारी यंत्रं), डिजिटल व्होल्टमीटर आमच्याकडे यायचे. बहुतेक वेळा बिघाड पॉवर सप्लायमध्ये असे. सुकलेले कपॅसिटर बदलले की यंत्र बोलू लागे. पण आकड्याची नळीच गेली असेल तर पुढे काय? अमेरिकेतल्या बरोज कंपनीने 1955 साली निक्सी बाजारात आणली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं प्रयोगशाळेतल्या उपकरणांवर तिचाच उजेड होता. 1970च्या दशकात एलईडी स्वस्त झाले, तसं एकामागून एक कारखान्यांनी हे उत्पादन थांबवलं. सोव्हिएत संघात ते पुढेही बराच काळ सुरू राहिलं, म्हणून आज हाती येणाऱ्या मालात आयएन-12 आणि आयएन-14 या सोव्हिएत निक्सी जास्त दिसतात. पण यंत्रात मुळात दुसऱ्या बनावटीची नळी असली तर तिथे ती चालत नाही. पायांची मांडणी वेगळी, आकड्याची उंची वेगळी. मग दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली यंत्रं आम्ही स्वतःच घेऊ लागलो आणि त्यांतल्या नळ्या जपून ठेवू लागलो. धंदा असा उभा राहिला.

नळी काढणं हे हाताचं काम आहे, आणि ते घाईने होत नाही. आयएन-14ला पिना नसतात. काचेतून बारीक लवचिक तारा बाहेर येतात आणि त्या थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. तार काचेजवळ वाकवली तर तिथला जोड तडकतो, हवा आत शिरते आणि नळी कायमची गेली. म्हणून आम्ही आधी प्रत्येक पायाचं जुनं सोल्डर ताज्या सोल्डरने ओलं करतो, मग ते सगळं सोल्डर शोषून घेतो, आणि तार भोकात मोकळी हलते आहे हे पाहिल्याशिवाय नळीला हात लावत नाही. बोर्ड वाया जाणारच असेल तर नळीभोवतीचा तुकडा कापून घेतो आणि मागच्या बाजूने एकेक तार सोडवतो.

त्यानंतरची तपासणी मला सगळ्यात आवडते. साधारण 170 ते 180 व्होल्ट डीसी, ॲनोडला (नळीच्या धन टोकाला) योग्य रेझिस्टर, आणि 0 ते 9 एकेक कॅथोड, म्हणजे आकड्याच्या आकाराची तार, पेटवायचा. निऑनचा नारिंगी उजेड आकड्याच्या तारेला पूर्ण लपेटून असला पाहिजे. कुठे तुटक दिसला, 3चं पोट किंवा 8चा वरचा भाग काळाच राहिला, तर तो कॅथोड माखलेला आहे. पेटलेल्या कॅथोडचे धातूचे कण उडून न पेटलेल्या आकड्यांवर बसतात, आणि एकच आकडा वर्षानुवर्षं पेटत राहिला की बाकीचे मुके होतात. त्यामुळे नळी यंत्रात कुठे बसली होती यावरून पुष्कळ कळतं. काउंटरच्या डाव्या टोकाची नळी सहसा 0च दाखवत आलेली असते, उजव्या टोकाची सतत बदलत असते. डावीकडच्या नळीत 6-7-8 आजारी निघणं नेहमीचंच. अशा कॅथोडला काही तास थोडा जास्त करंट दिला की बऱ्याचदा तो साफ होतो. म्हणून आम्ही काढतानाच प्रत्येक नळीची जागा लिहून ठेवतो, आणि घेणाऱ्याला ती नोंदही देतो.

निक्सीच्या घड्याळांची हौस वाढली तशी मागणीची दिशाच बदलली. दुरुस्तीवाले एखाद-दुसरी नळी मागायचे, घड्याळवाले एकसारख्या नळ्यांचा संच मागू लागले. घड्याळं मलाही आवडतात. आयएन-14मधला 5 हा उलटा बसवलेला 2 आहे, हे घरी टेबलावर रोज पाहण्यात आनंद आहेच. पण एका मोठ्या ऑर्डरसाठी आमच्याकडच्या चालू काउंटरच्या नळ्या काढाव्या लागल्या असत्या. आम्ही नकार दिला आणि तो गिऱ्हाईक गेला. तेव्हापासून नियम पक्का आहे : यंत्र चालत असेल किंवा चालू होण्यासारखं असेल, तर ते अखंडच विकायचं. नळ्या फक्त खरोखर संपलेल्या यंत्रांतून घ्यायच्या.

हा हट्ट का, ते डेकाट्रॉनकडे पाहिलं की पटतं. या नळीत आकड्यांचे आकार नसतात. एक ठिपका गोल फिरतो आणि दहा घरं मोजतो. म्हणजे ती नुसती दाखवत नाही, मोजतेही. ब्रिटनमधला 1951चा हार्वेल संगणक अशाच नळ्यांवर चालायचा. त्याचे सुटे भाग करून विकले असते तर शेकडो सुंदर नळ्या मिळाल्या असत्या. तसं झालं नाही, तो दुरुस्त झाला, आणि 2012पासून ब्लेचली पार्कमधल्या संग्रहालयात पुन्हा चालतो आहे. नळी यंत्रात काय करत होती, ते तिथेच कळतं.

व्हीएफडीचं गणित वेगळं. तिला शेकडो व्होल्ट लागत नाहीत. गरम होणाऱ्या केसाएवढ्या तारांतून निघणारे इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या लेपावर आदळतात आणि निळसर हिरवा उजेड पडतो. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडलेला दिसला तर हवा शिरली आहे, तपासायचीही गरज नाही. फॉस्फर झिजलेला असेल तर त्यावर उपाय नाही, आणि तसं आम्ही स्पष्ट लिहून देतो.

चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी यांनी निक्सी नव्याने, हाताने बनवायला घेतल्या, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. घड्याळांसाठी नव्या नळ्या मिळत राहिल्या तर जुन्या यंत्रांवरचा भार तेवढाच हलका होतो.

तुमच्याकडे असं जुनं यंत्र पडून असेल तर ते उघडू नका, प्लगलाही लावू नका. कपॅसिटरमध्ये घातक चार्ज राहिलेला असू शकतो, आणि बऱ्याच निक्सींमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे फुटलेल्या नळीला उघड्या हाताने शिवू नका. नळ्यांवर लाल लेप असेल तर खरवडू नका. पाऱ्याची निळी झाक गाळण्यासाठी तो कारखान्यातच दिलेला असतो. समोरचा, मागचा आणि मॉडेल क्रमांकाचा असे फोटो पाठवा. यंत्र वाचण्यासारखं असेल तर आम्ही आधी तेच सांगू.