लाल झालेले धुराडे

शहाद्यात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. गेट-ग्रिलच्या कामांबरोबर वसतिगृहांसाठी धुराड्याच्या लोखंडी चुलीही मी करून देतो. गेल्या पौषात एका पहाटे, साडेपाचच्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वसतिगृहातून स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा फोन आला. धुराडे ट्रॅक्टरसारखे घरघरत होते आणि छताखालचा पाइप लाल दिसत होता. अंधारात लोखंड लाल दिसू लागते ते साधारण 525 अंश सेल्सिअसला. त्या पाइपापासून वीतभर अंतरावर सागाची तुळई होती आणि ते अंतर मीच ठेवले होते.

चुलीचे दार उघडू नका, खालची हवेची झडप पूर्ण लावा, पाणी अजिबात ओतू नका आणि मुलांना आधी बाहेर काढा, एवढे मी फोनवर सांगितले. मग अग्निशमन दलाला कळवून मोटारसायकल काढली. पोहोचलो तेव्हा आग आपोआप बसली होती. तुळईची एक बाजू तपकिरी पडली होती.

"भाऊ, लाकूड ते बारीकच व्हतं ना!" मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांनी सुताराकडून आणलेल्या वाळक्या ढलप्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या चुलीत गच्च भरल्या होत्या. दहा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा एकेक सेंटिमीटरचे तुकडे करून टाकला, तर लाकूड तेवढेच राहते, पण आगीला मिळणारा पृष्ठभाग 600 चौरस सेंटिमीटरांवरून 6,000 वर जातो. तासभर पुरणारे जळण काही मिनिटांत पेटते, आणि लाकडातून निघणारा वायू चुलीत न मावल्यामुळे ज्वाळा थेट धुराड्यात शिरते. तुरीच्या काड्यांवर वांगे भाजणाऱ्या आमच्या खान्देशात हे कोणाला नवे नाही, पण शेतातली ती आग उघड्यावर असते.

तरीही ढलप्यांनी फक्त काडी लावली. दारू आधीच भरलेली होती. पाइप उतरवल्यावर आतून करपलेल्या पापडासारखी फुगलेली काळी काजळी निघाली. विस्तव सकाळपर्यंत टिकावा म्हणून रोज रात्री ओलसर लाकूड घालून झडप लावली जात असे. हवेविना धुमसणाऱ्या लाकडाचा धूर थंड पाइपात डांबरासारखा चिकटतो, आणि तेच डांबर त्या पहाटे पेटले होते. चूल देताना मी झडप कशी लावायची ते दाखवले होते. केव्हा लावू नये, हे सांगितले नव्हते.

नवा पाइप तुळईपासून दूर नेला, भिंतीतून जाताना त्याला दुहेरी पत्र्याचे कवच दिले आणि खाली काजळी काढण्याची खिडकी ठेवली. मग मावशींसमोर चूल पेटवली. मूठभर ढलप्या केवळ पेटवणापुरत्या, वर दोन जाड फाटी, आणि ज्वाळा धरेपर्यंत झडप उघडी. उरलेल्या ढलप्या वापरायच्याच असतील तर जाड फाट्यासोबत थोड्या थोड्या घालायच्या. रंग दिलेले आणि प्लायवुडचे तुकडे मी ढिगातून वेगळे काढले, कारण त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर विषारी असतो.

मावशींनी ढलप्या मोजायला पत्र्याचा एक डबा ठेवला आहे. मी मात्र त्यानंतरच्या प्रत्येक चुलीत आतल्या बाजूला, तळापासून एक तृतीयांश उंचीवर, वेल्डिंगची एक आडवी रेघ ओढतो. त्या रेघेच्या वर ढलप्या भरायच्या नाहीत, हे सांगितल्याशिवाय चूल गाडीत चढवत नाही.