एक जादा पेन

विमान उतरायला तासभर होता. शेजारच्या आजोबांनी आपला पासपोर्ट आणि आगमनाचा कोरा फॉर्म माझ्यासमोर सरकवला आणि हवेतच लिहिल्याची खूण केली. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. मी पेन काढलं.

जन्मतारीख १ जानेवारी. जन्माची नोंदच झालेली नसली की पुष्कळांच्या कागदावर हीच तारीख पडते. नाव, पासपोर्ट क्रमांक भराभर झालं, मुक्कामाच्या रकान्यापाशी गाडी अडली. आजोबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार घड्यांची चिठ्ठी काढली. कुणीतरी मोठ्या, सुट्या अक्षरांत पत्ता लिहून दिला होता. घड्यांवर शाई पार उडालेली. एक आकडा १ की ७ हे ठरवायला आम्ही दोघांनी ती चिठ्ठी दिव्याखाली धरून पाहिली. सहीची जागा दाखवली तेव्हा त्यांनी अख्खं नाव एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं, आणि मग कागद हातभर लांब धरून बराच वेळ बघत राहिले.

एरवी हे माझ्याकडून झालं असतं का? विमानात मला कुठे जायचंच नव्हतं, म्हणून झालं. १९७३ साली प्रिन्स्टनमधल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय तर वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट हाच. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. हे वाचल्यापासून मी दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवते. पुण्य वगैरे नाही हो, पळताना मी कशी वागते ते मला ठाऊक आहे.

वेळ असूनही घोटाळे होतातच म्हणा. याच प्रवासात एका स्टेशनवर पांढरी काठी घेतलेले गृहस्थ जिन्यापाशी थांबलेले दिसले. मी उत्साहाने जाऊन त्यांचा दंड धरला आणि ओढायलाच लागले. ते जागीच थांबले. दंड सोडवून घेतला, म्हणाले, “तुम्ही मला नका धरू. मी तुम्हाला धरतो.” आणि माझ्या कोपराच्या जरा वर हात ठेवून अर्धं पाऊल मागून चालू लागले. माझं अंग वळलं की त्यांना वळण कळायचं, मी पायरी चढले की पायरी. मला फक्त ‘जिना वर जातोय’ एवढं सांगायचं होतं. त्याआधी ‘मदत हवी का?’ हे विचारायचं होतं, ते राहिलंच. कान गरम झाले होते, पण धडा फुकटात मिळाला.

आणि एक नकारही दिला. विमानतळावर तपासणीच्या रांगेत एकजण गयावया करत म्हणाला, माझं सामान जास्त भरलंय, एवढं पुडकं तुमच्या बॅगेत टाका ना. माणूस बहुधा सरळच असेल. पण आत काय आहे हे माहीत नसलेली वस्तू आपल्या बॅगेत निघाली की उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. तिथे मी भिडस्तपणा ठेवत नाही. दिवसभर चुटपुट लागली, ती लागू दे.

तर विमानात. आजोबांचं होतंय तोच मागच्या रांगेतून एका बाईचा हात पुढे आला, हातात फॉर्म. मग तिच्या मुलीचा. मग पलीकडच्या रांगेतल्या बाईंचा. त्यांचा चष्मा वरच्या कप्प्यातल्या बॅगेत आणि पट्टे बांधायची सूचना झालेली. चौघांची नावं-गावं लिहून बोटं दुखायला लागली, तोवर चाकं जमिनीला टेकलीसुद्धा.

आजोबांनी उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, माझा स्वतःचा फॉर्म कोराच आहे. पेनासाठी पर्स चाचपली. पेन आजोबांच्या खिशात गेलं होतं. जादा म्हणून ठेवलेलं दुसरं त्या मुलीकडे. मी मागे वळले आणि मागच्या अनोळखी माणसाकडे बघून हवेतच लिहिल्याची खूण केली.