कुठेच न जाणारं जहाज

टोपलीकडे कुणी निरखून बघत नाही. बघतात ते आतल्या कांद्यांकडे. नॅनटकेटच्या जुन्या टोपलीचं मात्र उलट आहे. लोक तिच्यासाठी हजारो डॉलर मोजतात, कपाटात काचेमागे ठेवतात आणि आत काहीही घालत नाहीत.

नॅनटकेट हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं बेट, एके काळी व्हेलच्या तेलावर गबर झालेलं. पुढे तो धंदा बसत गेला, त्यात १८४६ साली आगीनं गावाचा मोठा भाग खाल्ला. बेटाच्या दक्षिणेला साउथ शोल नावाचे उथळ वाळूचे पट्टे आहेत, जहाजांचा काळच. तिथे दीपगृह बांधणं शक्य नव्हतं, म्हणून १८५०च्या दशकात सरकारनं दिवे लावलेलं जहाजच नांगरून ठेवलं. बेटावरच्या खलाशांना त्यावर नोकरी मिळाली.

नोकरी कसली, शिक्षाच ती! किनारा दिसत नाही, जहाज कुठे जात नाही, नुसतं हिंदकळतं. सकाळी दिवे पुसायचे, संध्याकाळी लावायचे, धुकं आलं की घंटा बडवत बसायचं. घराण्याची अब्रू जाईल म्हणून, नाहीतर यापेक्षा तुरुंग पत्करला असता, असं तिथल्या एका खलाशानं १८९१ साली एका लेखकाला सांगितलं होतं. अशा माणसांच्या हाताला काहीतरी हवंच. त्यांनी टोपल्या विणल्या.

आणि काय विणल्या! लाकडाचं गोल बूड, त्याच्या कडेला फिरवून कोरलेली खाच. खाचेत ओकच्या पातळ पट्ट्या उभ्या खोवायच्या, लाकडी साच्यावर वाकवायच्या आणि त्यांतून वेत ओढून घट्ट विणत काठापर्यंत यायचं. साचा, बूड, पट्ट्या ही तयारी बरीचशी जमिनीवर व्हायची, विणकाम जहाजावर. वेत आग्नेय आशियातून यायचा. आमच्या पिढीनं शाळेत तळहातावर अनुभवला, तोच. त्याच्यापासून इतकी देखणी वस्तू होते, हे आमच्या मास्तरांना कुणी सांगायला हवं होतं.

एकात एक बसणारे पाच-सात टोपल्यांचे संचही ते करत. जागा वाचते हे खरंच, पण मला वाटतं मुख्य सोय वेगळी असावी: एक संपली की पुढचीचं माप तयार.

विसावं शतक उजाडेपर्यंत जहाजावरचं विणकाम थांबलं, पण बेटावर ते टिकलं. १९४५ साली तिथे होसे रेयेस नावाचे फिलिपिनो गृहस्थ आले. हार्वर्डची पदवी असूनही शिक्षकाची नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी विणकाम धरलं आणि टोपलीला झाकण लावून बायकांची पर्स केली. झाकणावर कोरीव व्हेल. बेटावरच्या समारंभांत ती अजून मिरवतात.

मला विचाराल तर बिनझाकणाचीच बरी. त्यातही कानाजवळचा वेत तुटून नंतर दुसऱ्याच रंगाचा भरलेली. व्यापारी अशा टोपलीची किंमत पाडून सांगतात. सांगोत बापडे. तिच्यातून कुणीतरी घरी बटाटे नेले असतील.