तुम्ही विचारलंत म्हणून: रेडीमेड टॅक्टिक का नाही घेत?

"एवढं डोकं कशाला लावतोस, गेगेनप्रेसची (बॉल गेला की लगेच अंगावर धावून परत हिसकावायची) रेडीमेड टॅक्टिक टाक, पहिल्याच सीझनला लीग घे आणि झोप." हे मला जुन्या रूममेटने सांगून झालंय, हिंजवडीच्या कॅबमधल्या पोरांनी सांगून झालंय, आणि मावसभावानेही, जो स्वतः आत्ता कुठे फुटबॉल मॅनेजर, म्हणजे मॅनेजर होऊन टीम चालवायचा कॉम्प्युटर गेम, खेळायला लागलाय. बायकोला गेममधलं काही कळत नाही, पण हरल्यावर मी ताटावर तोंड पाडून बसतो हे कळतं, तिचाही प्रश्न फिरून तोच. आणि मग त्याला जोडून दुसरा, कारण गेममध्ये मी इटलीच्या नापोली क्लबचा जुना कोच सार्री, त्याचा खेळ उभा करायला बघतो: बरं कॉपीच मारायची तर जिंकलेल्या माणसाची मार ना, ग्वार्डिओला घे, सार्रीच्या नापोलीने काय जिंकलं?

काही नाही जिंकलं. माहितीये मला. २०१५ ते २०१८, तीन सीझन, ट्रॉफी शून्य. शेवटच्या सीझनला ९१ पॉइंट करून दुसरे आले कारण ज्युव्हेंटसने ९५ केले. हे मला सांगू नका, मी जागून बघितलंय ते.

आता नीट ऐका, कारण परत लिहिणार नाही. (लिहीन बहुतेक.)

मला पझेशनचे, म्हणजे बॉल किती वेळ आपल्याकडे राहिला त्याचे, टक्के नकोयत. सगळ्यांना वाटतं मी त्या ६८ टक्क्यांसाठी मरतोय आणि मग मॅच हरलो की "बघ, ६८ टक्के आणि ०-१" असा स्क्रीनशॉट येतो. अरे, ६८ टक्के कोणीही काढतं. मेंटॅलिटी (किती आक्रमक खेळायचं ते) खाली आण, टेम्पो कमी कर, पासिंग शॉर्ट, सगळ्यांना सपोर्ट ड्युटी, झालं, दोन सेंटर बॅक एकमेकांना बॉल देत बसतात आणि टक्के चढत राहतात. पुढे काही होत नाही. शॉट चार, त्यातले तीन बॉक्सच्या बाहेरून. सुरुवातीला मीही त्यातच खूश होतो, ते आकडे बघून वाटायचं जमलं.

सार्रीचं तसं नव्हतंच. त्याच्या टीमचा बॉल झपाझप फिरायचा, एका टचमध्ये, आणि बहुतेक वेळा डावीकडे. लेफ्ट बॅक गुलाम, मिडफिल्डर हामशिक, विंगर इन्सिन्ये, तिघं डाव्या बाजूला एवढे जवळजवळ की समोरची अख्खी टीम तिकडे ओढली जायची, आणि मग इन्सिन्ये आत वळून तिरका उचलून बॉल टाकायचा तो थेट उजव्या टोकाला, बॅक पोस्टला, जिथे कायेहोन डिफेंडरच्या पाठीमागून निसटलेला असायचा. सगळ्यांना माहीत होतं ते येणार आहे. तरी गोल व्हायचा. तर मला तो गोल हवाय. गेमने स्वतःहून, माझ्या सूचनांवरून, तो गोल करून दाखवायला हवाय. बास, एवढंच.

आणि हे एवढंच किती अवघड आहे ते एकदा करून बघा. फुटबॉल मॅनेजर २०१९ ला टॅक्टिकचा स्क्रीन बदलला, बॉल आपल्याकडे असताना, बॉल जाता-येताना, बॉल नसताना असे तीन भाग झाले आणि वर तयार स्टाइल्स दिल्या, त्यात टिकी-टाका (छोट्या छोट्या पासांचा खेळ) आणि व्हर्टिकल टिकी-टाका (तोच, पण सरळ पुढे जाणारा) पण. लोक म्हणाले घे, व्हर्टिकल म्हणजे सार्रीच. नाही. तयार स्टाइल लावली की 'बॉल बॉक्समध्ये घेऊन जा' ही सूचना आपण डोळे मिटून चालू ठेवतो, ती लांबचे शॉट कमी करते हे सगळ्यांना माहितीये, पण लांबून टाकलेले क्रॉसही कमी करते. म्हणजे इन्सिन्येचा तो तिरका बॉल, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच आपण आपल्या हाताने बंद करतो. सूचना काढून टाकली तर इन्सिन्ये आत वळतो आणि पंचवीस यार्डांवरून मारतो, स्टँडमध्ये. मग त्याला ट्रेनिंगमध्ये 'बॉल दुसऱ्या बाजूला फिरवतो' ही सवय लावायची, त्यात महिने जातात, आणि तोपर्यंत क्लबच्या बोर्डाला तुमच्यावर विश्वास राहिलेला नसतो.

जोर्जिन्योचं, म्हणजे सार्रीच्या टीमच्या मधल्या मिडफिल्डरचं, तसंच. २०१९ च्या डेटाबेसमध्ये तो चेल्सीला गेलेला, त्यामुळे त्याच्या जागी जो कोणी आणला त्याला मी आधी डीप-लाइंग प्लेमेकर (मागे राहून खेळ रचणारा) केलं, कारण सगळेच तसं करतात. पण प्लेमेकर म्हटलं की सगळी टीम बॉल त्याच्याकडेच देते आणि तो थांबतो, बघतो, विचार करतो. जोर्जिन्यो थांबायचाच नाही! शेवटी रोलच काढला, साधा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर ठेवला, आणि बॉल पळायला लागला. ह्यावर रूममेटशी माझं जेवढं भांडण झालंय तेवढं भाड्यावरून नाही झालं.

हा रूममेट सांगलीचा, त्याला सगळे सांगलीकरच म्हणतात. आम्ही कर्वेनगरला राहायचो तेव्हा हॉलमध्ये समोरासमोर दोन लॅपटॉप, तो गेगेनप्रेस, मी हे. तो जिंकायचा. सतत. मधून मधून मान वर करून विचारायचा, "झाला का तुझा तो गोल?"

आणि एकदा झाला. त्याच रात्रीचं सांगायचंय मला, बाकी सगळं तुम्हाला माहितीये.

सेव्ह, म्हणजे माझा चालू गेम, बरेच सीझन पुढे गेलेली. हामशिक नव्हता, कायेहोन नव्हता, त्यांच्या जागी गेमने जन्माला घातलेली पोरं. उजवीकडचं पोर मी फक्त एका गोष्टीसाठी घेतलेलं, ऑफसाइड ट्रॅप तोडून, म्हणजे बरोबर वेळ साधून डिफेंडरांच्या रांगेमागे, पळायची सवय त्याच्यात आधीपासून होती. इन्सिन्ये मात्र अजून होता, पाय जड झालेले, पण नजर शाबूत. सीझन संपत आलेला, वरच्या टीमच्या मागे अगदी थोडं अंतर, आणि मॅच खाली पडणाऱ्या एका टीमच्या घरी. ते पाच डिफेंडर लावून स्वतःच्या बॉक्समध्ये बसलेले. पहिला हाफ नुसता बॉल इकडून तिकडे. दुसरा हाफ तसाच. सांगलीकर स्वतःचा गेम पॉझ करून माझ्या मागे येऊन उभा राहिला, हे तो कधी करायचा नाही.

मॅच संपायला थोडा वेळ राहिलेला आणि डावीकडे बॉल फिरायला लागला. लेफ्ट बॅक, मिडफिल्डर, इन्सिन्ये, परत मागे, परत लेफ्ट बॅक. हायलाइट लांबली म्हणजे काहीतरी होणार हे आपल्या सगळ्यांना कळतं, तशी ती लांबत गेली, गरजेपेक्षा जास्त, आणि मी काहीच बोलत नव्हतो. त्यांचा उजवा सेंटर बॅक बाहेर खेचला गेला. अजून एक जण सरकला. इन्सिन्ये आत वळला. मी खरंच तोंडाने "टाक" म्हणालो. त्याने टाकला, तिरका, सगळ्यांच्या डोक्यावरून, आणि उजवीकडून माझं पोर मागून येऊन पहिल्याच टचमध्ये, गोल.

मी ओरडलो की नाही आठवत नाही. खालच्या काकांनी दार वाजवलं, म्हणजे ओरडलो असेन. सांगलीकरने माझ्या पाठीत जोरात एक दिली, त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं असावं मी काय शोधत होतो ते. म्हणाला, "आयला, हा तोच की रे."

आणि मग स्क्रीनवर व्हीएआर, व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी.

व्हीएआर पण २०१९ लाच आलं होतं गेममध्ये, आणि मी त्याचं स्वागत केलेलं, न्याय होईल म्हणून. न्याय झाला. ऑफसाइड. आणि ते बरोबरच होतं हो, रीप्लेमध्ये दिसत होतं, पोर अर्धं पाऊल पुढे. ते असणारच, त्याच्या त्या सवयीसाठीच तर मी त्याला घेतलेलं. डिफेंडरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस कधी ना कधी अर्धं पाऊल पुढे सापडणार.

आता खरा मुद्दा. अजून दहाएक मिनिटं होती. मी गेम थांबवला. बेंचवर एक उंच स्ट्रायकर होता, हेडिंग उत्तम. सांगलीकर मागून सांगतोय, अतिशय शांतपणे, जे त्याच्या स्वभावात नाही, "ह्याला टाक, सेंटर बॅक पुढे पाठव, मेंटॅलिटी एकदम वर, बॉल उचलून मारा, एक तरी पडेल." बरोबर सांगत होता तो. मी बदलाचा स्क्रीन उघडला, त्या स्ट्रायकरच्या नावावर कर्सर नेला, आणि परत बंद केला. काही बदललं नाही. मॅच ०-० सुटली, लीग गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो की तत्त्वाचा प्रश्न होता. कॅबमध्येही हेच सांगितलं, पुढे बरीच वर्षं हेच सांगत आलो, आणि छान वाटायचं सांगताना. पण हल्ली मला त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं की बाबा, तत्त्व कोणाचं? कारण खुद्द सार्रीने काय केलं होतं? एप्रिल २०१८, घरच्या मैदानावर चिएवोविरुद्ध मॅच, नापोलीच्या मेर्टेन्सची पेनल्टी अडवली गेलेली, टीम ०-१ मागे, आणि सार्रीने उंच मिलिकला आत आणलेलं. त्याच मिलिकने ८९ व्या मिनिटाला हेडर मारला आणि ९३ व्या मिनिटाला दियावाराने मॅच काढली. त्याच्या दोन आठवड्यांनी तुरीनला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, ज्युव्हेंटसच्या घरी जिंकले ते कसे? कॉर्नर, डिफेंडर कुलिबालीचं डोकं. पास नाहीत, त्रिकोण नाहीत, काही नाही. हे सांगलीकरने मला नंतर ऐकवलं आणि मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे आत्ता सुचतं, की कॉर्नर कायेहोननेच मारलेला, पण ते काही उत्तर नाही.

तर मग मी तेव्हा सार्रीपेक्षा जास्त सार्री झालो होतो का? की मला फक्त तोच गोल परत बघायचा होता, ह्या वेळी ऑनसाइड, आणि त्या दहा मिनिटांत तो येईल अशी हाव सुटली होती? मला वाटतं हाव. पण मग हेही खरं की आज परत तीच मॅच समोर आली तर मी तो स्ट्रायकर आत आणेन असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. तुम्ही म्हणाल हा वेडेपणा आहे. असेल. लोक लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळतात तेव्हा एकच ओपनिंग वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही.

सार्रीच का, ह्याचंही एक कारण आहे जे मी सहसा सांगत नाही. हा माणूस बँकेत नोकरी करायचा. स्वतः कधी प्रोफेशनल खेळला नाही, नोकरी करून संध्याकाळी हौशी टीमना शिकवायचा, आणि मग एक दिवस नोकरी सोडून हेच करायला लागला. माझे वडील बँकेतून रिटायर झाले. त्यांना हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर त्यांचा एकच प्रश्न, "पेन्शन बसलेली का?" मला माहीत नव्हतं. मी अर्थातच नोकरी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही, माझा ईएमआय आहे. रात्री अकरानंतर जे काही आहे ते आहे.

आणि "आपल्या टीमवर कर की" म्हणणाऱ्यांना, बालेवाडीला मीही जायचो, एफसी पुणे सिटीचा टीशर्ट अजून कपाटात आहे. २०१९ ला क्लबच राहिला नाही. त्यावर फार बोलायचं नाहीये मला.

दोन हजार पंचवीसचा गेम आलाच नाही, रद्द झाला, त्यामुळे मध्ये बरेच दिवस मी जुन्यावरच घासत होतो. २०२६ मध्ये आता बॉल असताना वेगळी फॉर्मेशन आणि नसताना वेगळी अशी सोय दिलीये, मी ज्याच्यासाठी इतकी वर्षं रोल्सशी मारामारी करत होतो ते बऱ्यापैकी सरळ सांगता येतं. बॉल नसताना ४-५-१, घट्ट, सगळ्यांची नजर माणसावर नाही तर बॉलवर. बॉल आला की डावीकडचे तिघं जवळ, उजवीकडचा रुंद आणि एकटा. कागदावर ते तंतोतंत दिसतं. मॅचमध्ये अजून नाही. डावीकडून उजवीकडे बॉल जातो, पण जमिनीवरून, तीन पास करत, आणि तोपर्यंत समोरचे परत जाग्यावर आलेले असतात. सांगलीकर आता बंगलोरला असतो, त्याला व्हिडिओ पाठवला तर म्हणाला टेम्पो वाढव. वाढवला. आता बॉलच समोरच्यांकडे जातो.

सीझन निम्म्यावर आलाय, मी सहावा आहे, आणि लेफ्ट बॅकचा गुडघा गेलाय. २०१७ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीविरुद्ध गुलामचा गेला होता तसाच, सीझनभर बाहेर. बदली जो आहे तो उजव्या पायाचा, त्याच्याकडे बॉल आला की तो थांबून पाय बदलतो, तेवढ्यात डावीकडचं सगळं गणित विस्कटतं. जानेवारीची खेळाडू विकत घ्यायची विंडो उघडायला दोन मॅच बाकी आहेत, आणि पैसे मी सगळे उजव्या विंगरवर घातलेत. कोणाला डावखुरा, स्वस्त, पहिल्या टचला पास देणारा लेफ्ट बॅक माहीत असेल तर तो सांगा. टॅक्टिकच्या फायली पाठवू नका.