बर्फ निघून गेल्यानंतरचे डोंगर

स्कॉटलंडच्या वायव्येला टोरिडनच्या परिसरात बेन अ‍ॅलिगिन नावाचा वालुकाश्माचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यापासून खाली उतरलेली एक काळी, खोल खाच दुरूनही नजरेत भरते आणि तिच्या पायथ्याशी, हिमनदीने कोरलेल्या दरीत, प्रचंड शिळांचा पट्टा सव्वा किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. त्या शिळांमधून वाट काढत चालताना हे सारे हिमनदीनेच आणून टाकले असावे, अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात ती दरड आहे आणि ती कोसळली तेव्हा तिथले बर्फ नाहीसे होऊन हजारो वर्षे लोटली होती.

ताज्या उघड्या पडलेल्या खडकातील क्वार्ट्झमध्ये अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे बेरिलियम-१० हे बेरिलियमचे एक समस्थानिक साचत जाते. त्याचे प्रमाण मोजून ही दरड सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची असल्याचे ठरवण्यात आले आहे, तर स्कॉटलंडमधल्या शेवटच्या हिमनद्या सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी संपल्या. मला या विषयात सर्वांत जास्त विचार करायला लावते ते हे मधले अंतर.

हिमनदी दरीच्या भिंती खरवडून उभ्या करते आणि ती तिथे असेपर्यंत त्या भिंतींवर तिचा भारही असतो. बर्फ गेले की हा भार उतरतो, दाबाखालचा खडक किंचित सैलावतो आणि कड्याला समांतर भेगा पडू लागतात. मात्र भेग पडताक्षणी कडा कोसळत नाही, कारण दोन भेगांच्या मधला शाबूत खडक त्याला धरून ठेवतो. हे सांधे एकेक करून तुटत जातात आणि शेवटचा तुटेपर्यंत वरून काहीच दिसत नाही. बर्फाच्या ओझ्यातून मोकळी झालेली जमीन वर उचलली जात असताना झालेल्या भूकंपांनीही काही कडे पाडले असावेत, असे मानले जाते.

भेगा रुंदावण्याचे काम विदारण, म्हणजे हवामानामुळे खडक जागच्या जागी फुटत जाण्याची क्रिया, करते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे आपण शाळेत शिकतो, पण तेवढ्याने सगळा उलगडा होत नाही. तापमान शून्याच्या काही अंश खाली टिकून राहिले, तर खडकात तयार झालेले बर्फ आजूबाजूचे न गोठलेले पाणी सूक्ष्म रंध्रांतून स्वतःकडे ओढत राहते, बर्फाचा थर जाडावत जातो आणि भेग आतून फाकते. सुटलेले तुकडे कड्याखाली साचून साधारण ३५ अंशांचा घसारा तयार होतो. अशा घसाऱ्यावर वाकून पाहिले, तर खूप काळ न हललेल्या दगडांवर दगडफुलाचे राखाडी-हिरवे चट्टे असतात आणि त्यांच्यातच एखादा दगड अगदी स्वच्छ, धारदार कडांचा, नुकताच आलेला असतो.

स्कॉटलंडच्याच केर्नगॉर्म पर्वतरांगेत चित्र वेगळे आहे. तिथल्या सपाट माथ्यांवर ग्रॅनाइटचे सुळके उभे आहेत. हिमनदी त्यांच्यावरून गेली, तरी माथ्यावरचे बर्फ खाली खडकाला गोठून घट्ट चिकटलेले होते आणि त्यामुळे तिथे खरवड जवळजवळ झालीच नाही. म्हणजे विदारणाने घडवलेली ही रूपे बर्फाच्याही आधीपासूनची आहेत.

उतारांवरच्या मातीची गोष्ट जास्त निकडीची आहे. हिमनदीने मागे ठेवलेला दगडगोटे आणि बारीक मातीचा सरमिसळ थर तीव्र उतारांवर जेमतेम टेकलेला असतो. एरवी तो गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतो, पण मुसळधार पावसात पाण्याने तुडुंब भरला की चिखलाचा आणि गोट्यांचा लोंढा होऊन सुटतो. ऑगस्ट २००४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेन ओगल या दरीत असे दोन लोंढे रस्त्यावर आले आणि त्यांच्या मध्ये अडकलेल्या ५७ जणांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. तिथल्या मातीचा बराचसा भाग अजूनही उतारावरच आहे.